पान त्रेचाळीसवरचं मांजर

मी एक भिजून वाळलेलं पुस्तक बोलतोय. नाक फार जवळ आणू नका, मिठाचा आणि मासळीचा वास अजून गेलेला नाही. पानं फुगल्यामुळे मी नीट मिटत नाही, आणि जे पुस्तक मिटत नाही ते फळीवर शोभत नाही. म्हणून ग्रंथालयाच्या मागच्या दारापाशी रद्दीच्या खोक्यात पडलोय. गुरुवारी गाडी येते. आज मंगळवार.

माझं नाव 'टर बेटाचा किनारा'. मला लिहिलं ड्रुसिला वार्डी या बाईंनी. न्यूफाउंडलंडच्या त्या एवढ्याशा बेटावरचं पोस्ट त्या सांभाळायच्या. टपाल आठवड्यातून एकदा यायचं. उरलेले सहा दिवस बाई लोकांना बोलतं करायच्या. कुठल्या खडकाला कुणाचं नाव पडलं, नाताळात तोंडाला पडद्याचं कापड बांधून घरोघर नाचायला येणाऱ्यांना कसं ओळखायचं, कुठल्या वाऱ्यात मासा वाळत घालायचा आणि कुठल्या वाऱ्यात धावत जाऊन उचलायचा, सगळं त्यांनी वह्यांत उतरवलं. तरुण माणसं एकेक करून पोटामागे निघाली होती. बाई म्हणायच्या, "जातायत तर जाऊ देत. पण जाताना डोक्यातलं इथे ठेवून जा म्हणावं."

सगळं मिळालं. फक्त मासळीच्या जागांच्या खुणा मिळेनात.

समुद्रावर ना पाटी, ना मैलाचा दगड. बोटीतून किनाऱ्याकडे बघत दोन वस्तू एका रेषेत आणायच्या, त्या रेषेवरून ठरावीक अंतर जायचं आणि गळ सोडायचा. ही झाली खूण. टर बेटावरचा माणूस एकवेळ अंगातला स्वेटर काढून देईल, पण खूण देणार नाही. ती बाप मुलाला सांगतो, बोटीत बसवून, तोंडी, एकदाच.

बाईंचा धाकटा भाऊ अँब्रोझ. त्याच्या जागेचं नाव थाळी. तिथला कॉड मासा म्हणजे कॉड, बाकीच्यांचा तो चिखल, असं तो कुणी न विचारता सांगायचा.

"अगं बये, खूण छापलीस तर पलीकडच्या गावचे येऊन बसतील की माझ्या थाळीवर!"

"मग मेल्यावर कुणाला सांगणार आहेस? लेस्टर तर गेला अल्बर्टाला तेल काढायला."

लेस्टर अँब्रोझचा एकुलता एक मुलगा. अठराव्या वर्षी "अंगाला मासळीचा वास लावून मरायचं नाही मला" असं बापाच्या तोंडावर बोलून निघून गेला होता. बापाच्या बोटीत तो कधी बसलाच नाही.

"येईल तो," अँब्रोझ म्हणाला. "आला की सांगेन."

पण बहीण चिवट होती. ती महिनाभर रोज संध्याकाळी वही घेऊन येऊन बसली. शेवटी तो वैतागून म्हणाला, "घे लिहून. चर्चचा कळस बोका खडकाच्या उजव्या कानावर आणायचा आणि म्हाताऱ्याचं नाक डोंगराआड जाईपर्यंत बाहेर जायचं. झालं समाधान?"

बोका खडकाला मांजराच्या कानांसारखे दोन सुळके आहेत, आणि म्हाताऱ्याचं नाक म्हणजे किनाऱ्यावरचा एक कडा. खरी खूण डाव्या कानाची होती.

मला हे कसं कळलं? मी छापून आलो तेव्हा बाईंनी माझ्यावर लिहिलं, 'अँब्रोझला, ज्याच्या डोळ्यांनी मी हे सगळं पाहिलं,' आणि मला त्याच्या हातात दिलं. जाळ्यांच्या खोलीत त्याने एकट्याने त्रेचाळिसावं पान उघडलं आणि पोट धरून हसला. "बसा म्हणावं उजव्या कानावर! काढा शेवाळ!" त्याच्याबरोबर मीही हसलो. तेव्हा मी कोरा होतो आणि मला अक्कल नव्हती.

उजव्या कानाच्या रेषेत पाण्याखाली एक खडक आहे. समुद्र शांत असला तर बोट त्याच्यावरून बिनधोक जाते. पण ईशान्येकडून लांब लाट येत असली की तिथे पाणी अचानक उभं राहून फुटतं. त्या दिवसांत तिथे जायचं नसतं, हे बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यामुळे अँब्रोझच्या मनाला काही टोचलं नाही. परका येईल, रिकाम्या हाताने शिव्या देत परत जाईल, एवढाच त्याचा हिशेब.

मग कॉडच संपत आला आणि सरकारने धंदा बंद केला. उन्हाळ्यात थोडे दिवस घरच्या ताटापुरते मासे धरायची तेवढी मुभा राहिली. ड्रुसिलाबाई गेल्या. ज्यांना तो खडक ठाऊक होता, तेही एकेक करून गेले. मग अँब्रोझला झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली.

आणि लेस्टर आला. केस पिकलेला, पंचेचाळिशीचा लेस्टर. "दोन आठवडे राहीन" म्हणाला आणि वर्षभर राहिला. बापाची दाढी करायचा, रोज कुठेतरी कापायचा. डब्यातलं सूप गरम करून भरवायचा. अँब्रोझ दोन चमचे घेऊन तोंड फिरवायचा. हाडं वर आली. नर्स डोर्कस आठवड्यातून दोनदा यायची. ती दारात हळूच म्हणाली, "पोटात काही जायला हवं रे. असं फार दिवस नाही चालायचं."

ऑगस्टमधल्या एका सकाळी लेस्टरने मला फळीवरून काढलं. आधी आत्याची अक्षरं वाचली. पानं उलटत त्रेचाळीसवर आला आणि त्याचा चेहरा उजळला.

"बाबा! थाळीची खूण आहे हो यात! तुम्हीच सांगितलेली. आज थाळीवरचा मासा आणतो तुम्हाला. डोकं, जिभा, सगळं. डब्यातलं सूप गेलं खड्ड्यात."

मी अँब्रोझकडे पाहिलं. तसा चेहरा मी पुन्हा कुणाचा पाहू नये. त्याने डावा हात उचलला आणि स्वतःचा डावा कान धरला. ओढला. पुन्हा ओढला. घशातून नुसती घरघर.

"कानातलं यंत्र टोचतंय का? थांबा." लेस्टरने ते अलगद काढलं, पुसून डबीत ठेवलं. "आता बरं वाटेल. दुपारपर्यंत येतोच."

अँब्रोझने त्याची बाही धरली. लेस्टरने वाकून बापाच्या कपाळाचा मुका घेतला. अठराव्या वर्षी गेला त्यानंतरचा तो पहिलाच. मग त्याने बापाची बोटं हळूच सोडवली.

बोटीत मी पावाच्या पत्र्याच्या डब्यात होतो, सँडविचांच्या शेजारी. लेस्टर मला काढायचा, बघायचा, परत ठेवायचा. "बसला! कळस बसला कानावर!" तो ओरडला. समुद्र दिसायला गुळगुळीत होता. खालून फक्त एक लांब लाट आळसावून येत होती, ईशान्येकडून.

पाऊण तास मासा लागला नाही. "आत्या, चुकलीस की काय गं?" तो हसत म्हणाला. त्या बिचारीने तर सांगितलं तेच लिहिलं होतं. मला ओरडायचं होतं. पण पुस्तकाला आवाज वाचणाऱ्याचाच असतो, आणि तो तर खुशीत होता. "आणखी दहा मिनिटं," तो म्हणाला आणि डब्याचं झाकण लावलं.

पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. पाणी वर चढल्याचा आवाज, मग लाकूड फुटल्याचा. मग लेस्टर एकदाच "बाबा" म्हणाला.

डबा संध्याकाळी किनाऱ्याला लागला. लेस्टर तिसऱ्या दिवशी.

डोर्कसने मला चुलीवरच्या दोरीवर वाळत घातलं. अँब्रोझ खुर्चीतून माझ्याकडे बघत राहायचा. रडायचा नाही. थंडी पडल्यावर त्याने खुणेने मला मांडीवर मागून घेतलं, आणि पेन्सिल. ती त्याने डाव्या मुठीत धरली. त्याने खुणेच्या ओळीवर आडवी रेघ मारली. अक्षरं जमेनात. मग तो खालच्या कोऱ्या जागेत चित्र काढू लागला. त्याला आठ दिवस लागले. दोन कानांचा बोका, डाव्या कानावर कळस. उजव्या कानावर त्याने फुली मारली, इतकी दाबून की कागद फाटला.

डोर्कस आली तसं त्याने मला तिच्यापुढे धरलं.

"अरे वा, मांजर! डोक्यावर टोपी पण आहे की! डाव्या हाताने काढलंत, अँब्रोझकाका? शाब्बास!"

अँब्रोझने टेबलावर हात आपटला. पुन्हा पान दाखवलं, पुन्हा आपटला. "हो हो, खूप छान आहे," ती म्हणाली आणि त्याचे खांदे थोपटले. तेव्हा तो रडला. वसंतात गेला. घरातल्या पुस्तकांबरोबर मी इथे आलो.

काल पर्यटन समितीचे एक गृहस्थ आले होते. माझी नवी आवृत्ती काढायची म्हणतात. ग्रंथपाल कॉलीनने त्यांना फळीवरची माझी जुळी प्रत दिली, कोरी करकरीत.

"हे खुणांचं पान झकास आहे!" ते म्हणाले. "सोबत नकाशा छापू. लोक उन्हाळ्यात बोट घेऊन स्वतः जागा शोधत जातील, मजा येईल पोराबाळांना. दुसरी प्रत आहे का हो?"

"आहे, पण ती टाकून द्यायचीय. भिजलीय, आणि कुणा पोराने आत रेघोट्या मारून ठेवल्यात."

माझ्या पोटात खोटं होतं तेव्हा मला फळीवर मानाची जागा होती. आता खरं आहे, तर मी खोक्यात. माझी कुणाबद्दल तक्रार नाही. मला जाळा, लगदा करा, मी पंचवीस वर्षं जगलो, पुष्कळ झालं. पण गुरुवारच्या आत, तुमच्यापैकी कुणी मागच्या दाराने जात असाल, तर घटकाभर थांबा. मी आपोआपच त्रेचाळिसाव्या पानावर उघडतो. नीट बघा.

ते मांजर नाही हो.