मालनबाईच्या कमरेची चुन्याची डबी

मी मालनबाईच्या कमरेची चुन्याची डबी बोलतेय. ऐका, कारण आता माझ्याच्यानं गप्प राहवत नाही.

मी ॲल्युमिनियमची, दोन तोंडांची. एका तोंडात तंबाखू, दुसऱ्यात चुना. शहागंजच्या बाजारात एका टोपलीत माझ्यासारख्या ढीगभर पडल्या होत्या. मालनबाईनं माझी झाकणं उघडून-मिटून पाहिली आणि मला कमरेच्या पिशवीत टाकलं. तेव्हापासून पडेगावच्या त्यांच्या घरात आहे. तंबाखूवर बोटभर चुना, एवढंच माझं काम. तेही काही चांगलं नाही, पण निदान मला त्यासाठी बनवलं होतं.

या माणसांना मात्र तेवढ्यानं भागत नाही. गांधीलमाशी चावली, लाव चुना. पाय मुरगळला, लाव हळद-चुना. शेजारच्या दगडाबाईची कोंबडी लंगडली, तरी माझंच झाकण उघडलं. अहो, मी डबी आहे, दवाखाना नाही!

मालनबाईला एक सून आहे, रूपाली. रूपालीचा नवरा आकाश ट्रक चालवतो. त्यांची पोरगी श्रेया दहा वर्षांची, आईचा पदर धरून फिरणारी.

एकदा भाजी निवडता निवडता रूपाली म्हणाली, "आत्याबाई, माझ्या बहिणीच्या मानेवर चामखीळ आलीय. काय लावावं?"

"चुना अन् पापडखार. गळून पडती बघ," मालनबाई म्हणाल्या. खात्री तर अशी, जणू शिकून आल्या होत्या.

बहिणीला काही झालं नव्हतं. चामखिळी रूपालीलाच आल्या होत्या, आणि मानेवर नाही, बाईनं कुणाला दाखवू नये अशा जागी. सांगायचं कुणाला? नवरा विचारील, कुठून आणलंस? सासू म्हणेल, जा पैठणला, आईकडं. बिचारीनं आपला टॉवेल वेगळा केला, अंथरूण वेगळं केलं. श्रेया कुशीत शिरायला आली की म्हणायची, "तिकडं सरक, गरम होतंय."

"मम्मी, मी काय केलं गं?" पोरगी विचारायची. आई तोंड फिरवून घ्यायची. मला वाटायचं, या घरात सगळ्यात मोठी जखम हीच आहे.

मग एका दुपारी मालनबाई मला खिडकीत विसरून दगडाबाईकडं गेल्या. रूपालीनं कडी लावली, चुना उकरला, पापडखारात कालवला. मला दोन तोंडं, पण तेव्हा एकातूनही शब्द फुटेना. अगं बाई, माझा चुना मानेवरचीही कातडी जाळतो, तिथं तुझं काय होईल!

व्हायचं तेच झालं. संध्याकाळी तिला बसता येईना.

"माझा चुना कुनी उकरला? अन् तू अशी फेंगडी का चालती गं?" मालनबाईनं विचारलं, तशी ती रडतच सुटली. सगळं सांगून टाकलं. आणि सासूचा पहिला सवाल काय? भाजलं का? दुखतंय का? नाय! "कुनाकडनं आणलंस हे?"

डोकं आपटायला मला भिंत मिळेना. पण भाजलेली जागा पाहिली आणि मालनबाई स्वतःच रिक्षा बघायला धावल्या.

दवाखान्यात मी त्यांच्या कमरेला होते, म्हणून सगळं ऐकलं. डॉक्टरीणबाईंचं नाव सुलेखा. त्यांनी आधी भाजलेल्यावर मलम दिलं, मग विचारलं, "हा अघोरी उपाय कुणी सांगितला?" मालनबाई छताकडं बघू लागल्या.

"ह्या चामखिळी विषाणूनं होतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एचपीव्ही म्हणतात त्याला. शरीरसंबंधात कातडीला कातडी लागून येतो. लई जणांना होतो, बऱ्याच जणांना कळतही नाही. भाजलेलं बरं झालं की चामखिळी आम्ही काढू. पुन्हा आल्या तर घाबरायचं नाही, परत यायचं."

"पण हिला आला कुनाकडनं?" मालनबाईंचं चाक तिथंच रुतलेलं.

"ते कुणालाच सांगता येत नाही, आजी. वर्षानुवर्षं अंगात गप्प राहतो. हिच्याकडून त्याला, त्याच्याकडून हिला, काही सिद्ध होत नाही. भांडू नका. हिच्या नवऱ्याला तपासायला पाठवा. चामखिळी जाईपर्यंत नवरा-बायकोनं जवळ येऊ नका, पुढं निरोध वापरा. त्यानं धोका कमी होतो, पुरता जात नाही."

रूपालीनं खाली मान घालून विचारलं, "कॅन्सर होतो का हो यानं? अन् पोरीला जवळ घेतलं तर?"

"चामखिळी आणणारा प्रकार वेगळा, कॅन्सरचा वेगळा. तरी तिशीपासून गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करत जा. अन् पोरीला खुशाल जवळ घ्या, कुशीत घेतल्यानं हे होत नाही. तिला ह्या विषाणूची लस मात्र द्या. नऊ ते चौदा वर्षांत दिलेली सगळ्यात चांगली. आजार यायच्या आधी घ्यायची असते ती."

घरी आकाश म्हणाला, "मला कुठं काय झालंय? मी नाय येत."

"ट्रक घेऊन निम्मा मुलूख फिरतोस, अन् दवाखान्याची पायरी चढायला लाज वाटती व्हय? चल उठ!" हे मालनबाई बोलल्या, कालपर्यंत सुनेला सवाल करणाऱ्या. आकाश गेला.

रूपाली त्या रात्री अंथरुणावर सरकली आणि श्रेयाला ओढून घेतलं. "मम्मी, गरम होतंय," पोरगी म्हणाली, पण हलली नाही.

हल्लीच श्रेयाला लस दिली. दंड थोडा सुजला. मालनबाईनं पटकन कमरेला हात घातला. "थांब, हळद-चुना लावते."

"आत्याबाई," रूपाली म्हणाली, पूर्वी बहिणीचं नाव पुढं करून विचारणारी ती, "डबी ठेवा खाली."

मालनबाईनं मला खिडकीत ठेवलं. तिथंच बसलेय अजून. तुमच्याही घरी माझी एखादी बहीण असेल. तिचं झाकण उघडायच्या आधी दवाखान्याचं दार उघडा, बायांनो. एवढं एकदा ऐका.