फर्नच्या कुंडीतला शेवाळाचा थर

मित्रांनो, मी एक जुना शेवाळाचा थर आहे. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या. शेवाळ म्हटलं की लोकांना घसरलेला पायच आठवतो! पण मी आजवर कुणालाही पाडलेलं नाही. मी एका फर्नच्या कुंडीत राहायचो आणि त्याची माती ओली ठेवायचो.

माझा जन्म ओढ्याकाठच्या दगडावर झाला. तिथून मला खरवडलं, वाळवलं आणि पिशवीत कोंबून रोपांच्या दुकानात ठेवलं. एका घरातली आई मला घेऊन गेली. ती कपडे शिवायची. तिने मला बादलीत भिजवलं, घट्ट पिळलं आणि शिलाई मशीनशेजारच्या फर्नच्या बुडाशी अलगद पसरलं. खिडकीतलं ऊन आणि डोक्यावरचा पंखा यांनी ते बिचारं पार करपून गेलं होतं. माझ्या ओलाव्याने त्याला तरतरी आली. "बघा, कसं बाळसं धरलंय!" असं ती कपडे टाकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. कौतुक कुणाला आवडत नाही? मी तर फुगूनच जायचो.

तिची एक पद्धत होती. पाणी घालण्याआधी ती माझी कड उचलून खालच्या मातीत बोट खुपसायची. "आहे रे बाळा ओल अजून, आज नको," असं फर्नला सांगायची आणि पुन्हा कामाला लागायची. हे घरात कुणाला शिकवायचं मात्र राहूनच गेलं. आजारपणाने तिला तेवढी उसंत दिली नाही.

ती गेली आणि घराची जणू वाचाच बसली. बाबा, ताई आणि धाकटा भाऊ एकत्र जेवायचे, पण आईचा विषय कुणी काढत नव्हतं. काढला तर दुसऱ्याला रडू फुटेल, अशी ज्याला त्याला धास्ती. बाबा गॅरेजला निघण्याआधी फर्नला गुपचूप तांब्याभर पाणी घालायचे. ते गेले की ताई घालायची. संध्याकाळी धाकटा कामावरून आला की तोही घालायचा. पंख्याच्या वाऱ्याने मी वरून सुकायचो, म्हणून प्रत्येकाला वाटायचं, या फर्नकडे माझ्याशिवाय कुणी बघतच नाही. माझ्याखाली मात्र नुसता चिखल झाला होता. पाणी धरून ठेवणं एवढंच मला येतं हो! नको म्हणायला मला तोंड कुठे आहे?

पानं पिवळी पडली, तेव्हा त्यांनी पाणी आणखी वाढवलं. एका सुट्टीच्या सकाळी फर्नने मान टाकली आणि ताईचा बांध फुटला.

"आईची एवढीच जिवंत खूण उरली होती! तुम्हा दोघांना काही पडलेलीच नाही. मी एकटीच घालत होते पाणी."

"तू?" बाबा गोंधळून म्हणाले. "अगं, मी रोज घालतोय."

"मी पण," धाकटा पुटपुटला.

बाबांनी मला बाजूला सारून फर्न उचललं. काळी, कुजलेली मुळं त्यांच्या हातात तुटून आली. ते तिथेच फरशीवर बसले. "आता तिला काय सांगू मी?" असं म्हणून ते हमसून हमसून रडले. मुलं त्यांना बिलगली. आई गेल्यापासून ती तिघं पहिल्यांदाच एकत्र रडत होती.

मी आता रिकाम्या कुंडीत वाळत पडलो आहे. मित्रांनो, घरातलं दुःख एकमेकांपासून लपवू नका, एवढंच माझं मागणं आहे. त्या फर्नवर तिघांचाही जीव होता. एकाने जरी दुसऱ्याला "मी पाणी घातलंय" एवढं सांगितलं असतं, तरी ते आज जगलं असतं.