रेघेवरची बुरशी

धाकटीने प्लेट खिडकीपाशी उजेडात धरली आणि तिचं डोकंच तापलं. शिवणवाल्या मावशींच्या बुबुळावरच्या जखमेतून दादाने खरवडून दिलेलं तिने प्लेटमधल्या अगारवर, जंतू वाढवायच्या जेलीवर, चंद्रकोरीसारख्या रेघा ओढून लावलं होतं. आता त्या रेघांवर कापसासारखं पांढरं उगवलं होतं. रेघांबाहेरची जागा मात्र कोरी.

दवाखाना दादाचा, आतली प्रयोगशाळा धाकटीची. डॉक्टर दोघंही, पण शेवटचा शब्द अर्थातच दादाचा. आणि तो देऊन झाला होता: साधा जंतू आहे, आजपासून स्टेरॉइडचे थेंब. हे थेंब दादाचे फार लाडके. लाली उतरली की पेशंट खूश, पेशंट खूश की दादा खूश, आणि आत बुरशी असेल तर सगळ्यांत खूश ती. तिला रान मोकळं. डोळा गेलाच म्हणून समजा.

"बुरशी आहे," ती रिपोर्ट घेऊन त्याच्या खोलीत जाऊन म्हणाली.

"हवेतून पडली असेल. फेकून दे."

"हवेतली बुरशी वाट्टेल तिथे पडते, दादा. चंद्रकोर गिरवत बसत नाही."

"हळू बोल. बाहेर पेशंट आहेत."

"त्यांच्याचसाठी बोलतेय."

दादाने चष्मा काढला. दिलेला शब्द परत घेण्यापेक्षा त्याने अक्कलदाढ काढून दिली असती. "हा रिपोर्ट बाहेर गेला, तर उद्यापासून येऊ नकोस."

धाकटीने तिथेच, त्याच्याच पेनाने, रिपोर्टवर सही ठोकली. बाहेर येऊन बाकावर बसलेल्या मावशींच्या हातातली स्टेरॉइडची बाटली काढून घेतली, खिशात टाकली आणि बुरशीवरचं औषध स्वतः त्यांच्या डोळ्यात घातलं.

"दर तासाला हेच. दादा काहीही म्हणू दे."

"सुईत दोरा ओवता येईल ना, ताई?"

"त्यासाठीच तर भांडतेय."

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला हजर.

"येऊ नकोस म्हटलं होतं."

"ऐकलं मी. सरक, उजेड अडतोय."

पुढे बरेच दिवस दोघांत कामापुरतंच बोलणं. मग एका सकाळी दादाने मावशींची हनुवटी यंत्रावर टेकवून डोळा बराच वेळ न्याहाळला. बुबुळावरचा जखमेचा पांढरा डाग आक्रसला होता.

"थेंब चालू ठेवा," तो म्हणाला.

"कुठले, डॉक्टर? तुमचे की ताईंचे?"

दादा पुटपुटला, "ताईंचे."

"मोठ्याने बोल," प्रयोगशाळेतून आवाज आला. "इथे ऐकू येत नाही!"