अलिजाचं संमतिपत्र

“सही तर माझीच दिसते, सर. पन असला कागद मी कधी वाचलाच न्हाय,” हुसेनभाई म्हणाले.

मी ती झेरॉक्स खिडकीच्या उजेडात धरली. ‘माझी मुलगी स्वतःच्या जबाबदारीवर खेळत असून तिला कोणतीही इजा झाल्यास संयोजक जबाबदार राहणार नाहीत.’ खाली गुलाम हुसेन यांची वळणदार सही. पलंगावर त्यांची अलिजा उजवा पाय पट्ट्यात जखडून बसली होती. वय सोळा, माझ्या शाळेच्या कबड्डी संघातली पहिल्या नंबरची चढाईपटू.

बारा दिवसांपूर्वी वळ गावातल्या एका गोडाऊनमध्ये भूपेशच्या क्रीडा अकादमीने स्पर्धा भरवली होती. दोन मॅटच्या जोडात फट होती. सकाळीच मी ती भूपेशला दाखवली, तेव्हा त्याने वर चिकटपट्टी मारून घेतली. दुपारी पट्टी सुटली, अलिजाचा पाय फटीत अडकला आणि गुडघ्यातला लिगामेंट तुटला. आता ऑपरेशनशिवाय ती पुन्हा खेळू शकणार नव्हती, आणि भूपेशने खर्चाला नकार देताना हा कागद पुढे केला होता.

“तुमची सही कुठून तरी उचललीय त्याने,” मी म्हणालो.

“असं करंल तो?”

“करेल. माणसाचं काही सांगता येत नाही.”

माझा स्वभावच संशयी. वीस वर्षं क्रीडाशिक्षक आहे, पण दुसऱ्याने आखलेल्या मैदानावर मी कधी विसंबलो नाही. खिशात स्वतःची टेप असते. जन्मदाखले मी उजेडात धरून बघतो. सोळा वर्षांखालच्या संघात घुसलेली दाढीवाली पोरं मी तीनदा पकडलीत. लोक मागे मला ‘सीआयडी वाल्मीक’ म्हणतात, ते मला माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतंही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बढतीसाठी क्रीडाविज्ञानाचा पदविका अभ्यासक्रम लागतो, म्हणून बावन्नाव्या वर्षी मी दर रविवारी वर्गात बसतो. वीस-बावीसची मुलं मला काका म्हणतात. त्या दिवशी कायद्याचा तास होता. शिकवायला वकील संघरत्ना मॅडम. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण शब्द तोलून बोलणाऱ्या.

“खेळाडू खेळातला धोका पत्करतो,” त्या म्हणाल्या. “पकड झाली, पाय मुरगळला, तो खेळ झाला. संयोजकाचा हलगर्जीपणा तो पत्करत नाही. आणि कशाला हो म्हणतोय हे कळल्याशिवाय दिलेला होकार, तो होकारच नव्हे.”

मी ते वाक्य वहीत उतरवलं आणि खाली हिरव्या पेनाने रेघ ओढली. तास संपल्यावर त्यांना झेरॉक्स दाखवली.

“मूळ कागद बघा, सर. झेरॉक्सवर भांडू नका.”

एवढ्यावर मी वर्गातून निघालो तो थेट वळला पोचलो. भूपेश गोडाऊनच्या कोपऱ्यातल्या केबिनमध्ये एसी लावून बसला होता. मला वाटलं होतं, कागद दाखवायला तो का-कू करील. त्याने सरळ फाइल उघडली.

“बघा ना, सर. आपल्याकडे सगळं पेपरवर असतं.”

कागद हातात घेताच मला हवं ते सापडलं. मजकुराच्या शेवटच्या ओळी बारीक करून सहीच्या वर कोंबल्या होत्या. म्हणजे सही आधी आणि मजकूर नंतर. चोर पकडल्याचा आनंद मला झाला, तो मी नाकारणार नाही.

मग वरच्या कोपऱ्याकडे लक्ष गेलं. झेरॉक्समध्ये तो कोपरा आलाच नव्हता. तिथे हिरव्या शाईत सतरा आकडा होता, भोवती गोल. माझ्या रजिस्टरातला अलिजाचा नंबर. अक्षर माझं. पेन माझ्याच खिशाला अडकवलेलं होतं.

आमच्या शाळेतले निम्मे पालक कापडाच्या लूमवर बारा-बारा तासांच्या शिफ्टला असतात. प्रत्येक स्पर्धेच्या वेळी सहीला बोलावलं तर ड्युटी सोडून कोण येणार? मग पोरं घरी बसतात. म्हणून जूनच्या पालकसभेत मी प्रत्येकाकडून तीन कोऱ्या कागदांवर खाली सह्या घेऊन ठेवतो. वीस वर्षांची सोय. त्यातलाच एकेक कागद प्रवेशिकांच्या गठ्ठ्यात घालून मी भूपेशला दिला होता. वर म्हणालो होतो, “मजकूर तुम्हीच छापून घ्या.” आणि तरीही आदल्या दिवशी ती सही पाहून मला काही आठवलं नाही. संशयितांत मी स्वतःला कधी मोजलंच नव्हतं.

जूनमध्ये हुसेनभाईंचा चष्मा त्यांच्या खिशात होता. त्यांनी तो काढलाही नाही. “तुम्ही हायत ना, सर. मग वाचायचं कशाला?” ते म्हणाले होते. तेव्हा माझी छाती फुगली होती.

“मजकूर कधी छापलास? पोरगी पडल्यावर ना?” मी भूपेशला विचारलं.

त्याने पाण्याची बाटली तोंडाला लावली. “सगळ्या शाळा असेच कागद देतात, सर. आणि हे बाहेर काढलंत तर पहिलं नाव तुमचं निघेल. सर्व्हिस किती राहिली?”

“सहा वर्षं.”

“मग? त्यांना म्हणू दे सही खोटी हाय म्हणून. ती खोटी ठरणार न्हाय. विषय संपला.”

झेरॉक्समधून तो कोपरा त्यानेच मुद्दाम वगळला होता. मला वाचवायला की मला मुठीत ठेवायला, कोण जाणे. रिक्षात बसून मी विचार करत राहिलो की गप्प बसलो तर कोणाला काय कळणार आहे. मला भीती वाटत होती. नोकरीची होतीच, पण हुसेनभाईंच्या तोंडाकडे बघायची जास्त होती.

घरी जाऊन एका पानावर सगळं लिहून काढलं. सही मी कोऱ्या कागदावर घेतली, पालकांना मजकूर माहीत नव्हता, फट मी सकाळीच दाखवली होती. खाली नाव, हुद्दा, तारीख घातली आणि संध्याकाळी हुसेनभाईंचं घर गाठलं. आधी तोंडाने सांगितलं. पलीकडच्या गल्लीतल्या लूमचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता.

“म्हंजे तो कागद तुम्हीच दिला, सर?” अलिजाने विचारलं.

“हो.”

तिने मान वळवली. मला तिची माफी मागायची होती, पण मी लिहिलेलं पान तिच्या वडिलांपुढे धरलं.

“हे वकिलाला द्या, हुसेनभाई. संघरत्ना मॅडमचा नंबर वेगळ्या चिठ्ठीवर दिलाय. आणि ही दुसरी प्रत माझ्याकडे राहील, कागद मिळाला म्हणून तिच्याखाली तुमची सही लागेल.”

मी पेन पुढे केलं. ते त्यांनी घेतलं आणि बाजूला ठेवलं. खिशातून चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, डोळ्यांवर चढवला. मग प्रत्येक ओळीखाली बोट धरून वाचायला लागले. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मला कोणी बसा म्हणालं नाही आणि मीही बसलो नाही.

शेवटी त्यांनी सही केली. मग पान उलटलं. मागची बाजू कोरी होती. त्यांनी माझ्याच हिरव्या पेनाने तिच्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ ओढली, आणि पानासकट पेन मला परत दिलं.