चोक काढा, मग ढकला

आमच्या शेजाऱ्याला सगळं गाव इंजिनीर म्हणतं. शिक्षणामुळे नव्हे. घरातली एकही वस्तू त्याने खोलायची ठेवली नाही, आणि खोललेली एकही पुन्हा जोडली नाही, म्हणून. दारातली जुनी मोटारही त्याने अशीच, बायकोला न विचारता घरी आणली. तिला न विचारता फिरायलाही जायचा. वहिनी दारातून नुसती बघायची.

त्या दिवशी मात्र गाडीची गरज वहिनीलाच होती. दीड महिना वाफ्यात जपलेली कोबीची रोपं तिने फटफटायच्या आत उपटली आणि ओल्या पोत्यांत गुंडाळून सुतळीने बांधली. पलीकडच्या गावी तिच्या बहिणीचं रान तयार होतं, लावणीला बायका येऊन थांबल्या होत्या. उपटलेलं रोप परत वाफ्यात जात नाही. ऊन चढायच्या आत पोचली नाहीत तर सगळी माना टाकणार.

आणि थंडीने गाडी सुरू होईना.

इंजिनीरने फिटरला फोन लावला. फिटर कुठल्या तरी गाडीखाली उताणा पडलेला असावा, आवाज तुटत होता.

"दादा, आधी चोक बाहेर काढा. चालू होऊन तापली की हळूहळू ढकला," एवढं म्हणाला आणि फोन बंद.

"चालू झाल्यावर कशाला ढकलायची?" मी कुंपणावरून विचारलं.

"त्याला कळतं की तुला?" असं म्हणून इंजिनीर पान्हा घेऊन गाडीत घुसला.

अर्ध्या तासाने तो घामाघूम होऊन बाहेर आला. हातात काळं बटण आणि त्याला लोंबणारी हातभर तार. "निघाला एकदाचा! गंजला होता मेला." किल्ली फिरवली, पायाने दणादणा पेट्रोलचं पायडल मारलं. गाडीने चकार शब्द काढला नाही. नुसता पेट्रोलचा वास सुटला. वहिनीने पोत्यांवर पाणी शिंपडलं आणि स्वतः फोन लावला, स्पीकरवर.

"काढला का चोक?" फिटरने विचारलं.

"पार काढला," इंजिनीर ओरडला. "हातात आहे माझ्या!"

पलीकडे पान्हा खाली पडल्याचा आवाज आला.

"दादा, ते बटण नुसतं ओढायचं असतं हो! ओढलं की कार्बोरेटरच्या तोंडावरची झडप मिटते, हवा कमी जाते, पेट्रोल जास्त ओढलं जातं. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून जास्त लागतं. तापलं की बटण आत ढकलायचं. बटण! गाडी नव्हे. आणि पायडल मारू नका, दर दणक्याला आतला पंप पिचकारी सोडतो. आता दहा मिनिटं हात लावू नका, ओव्हर झालीय, आत पेट्रोल तुंबलंय."

"म्हणजे दिवा लावताना वाऱ्याला हात आडवा धरतो, तसं," वहिनी म्हणाली. "त्या झडपेला बाहेरून काही आहे का धरायला?"

"बारकी दांडी आहे, वहिनी. तारेचं टोक तिलाच होतं."

वहिनीने इंजिनावरचं झाकण उघडलं. पोत्याची एक सुतळी सोडली, दांडीला गाठ मारली, तार जिथून निघाली होती त्याच भोकातून आत ओवली आणि दुसरं टोक बोटाला गुंडाळून, ताणून धरून पुढच्या सीटवर बसली.

"दहा मिनिटं झाली. फिरवा किल्ली."

गाडी खोकली, शिंकली आणि काळा धूर सोडत चालू झाली. मला तर टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या. इंजिन तापलं तसा फोनमधून फिटर ओरडला, "शाबास! ढकला आता!"

आणि आमचा इंजिनीर दार उघडून मागे धावला, डिकीला खांदा लावला!

"अहो, कुठे निघालात?" वहिनीच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. तिने सुतळी हळूच सैल सोडली. धूर थांबला. पण गाडी आचके द्यायला लागली, तेव्हा फिटरने स्लोचा स्क्रू अर्धा फेरा आवळायला सांगितला. पायडलवरून पाय काढल्यावरही आतली दुसरी झडप किंचित उघडी राहावी, एवढंच त्या स्क्रूचं काम. ते इंजिनीरने केलं, आणि कबूल करतो, अगदी बरोबर केलं.

दोघं ऊन चढायच्या आत पोचली. रोपं सगळी लागली.

फिटर नवी तार घेऊन दोनदा येऊन गेला. वहिनीने दोन्ही वेळा त्याला चहा पाजून परत पाठवलं. सुतळी ती रोज संध्याकाळी सोडते आणि आपल्या डब्यात ठेवते. दीड महिना वाढवलेल्या रोपांपेक्षा तिला ती जास्त जपते म्हणा ना.

आता रोज सकाळी कुंपणापलीकडून इंजिनीरचा आवाज येतो, "अगं, जरा सुतळी देतेस का?"

आणि वहिनी आतून विचारते, "कुठे जायचंय?"