विरजण लागेपर्यंत

बिशप हॅरल्ड विटकॉम ओट्यावर टेकले, उठले, रस्त्याकडे पाहून पुन्हा टेकले. १९९७ सालचा मार्गशीर्ष होता. जुन्नरजवळच्या डिंगोऱ्याच्या वाऱ्याला चांगलीच धार होती.

सव्विसाव्या वर्षी ते अँग्लिकन चर्चचे मिशनरी म्हणून जुन्नरला आले होते. मराठी ते शिकले ती मिशनच्या बोर्डिंगात भाकऱ्या थापणाऱ्या कुशाबाईच्या चुलीपाशी. पुढे चर्चनं त्यांना आफ्रिकेत धाडलं. निघायच्या दिवशी कुशाबाई फाटकापाशी दह्याची वाटी घेऊन उभी होती.

"हात करा पुढं, सायेब. दही खाऊन गेलेलं माणूस परत येतं."

तरुण पाद्र्यानं हात पाठीमागं नेला. "आमच्यात असलं चालत नाही, कुशाबाई."

तिनं दही कडुलिंबाच्या बुंध्याशी ओतलं आणि मागं न बघता आत निघून गेली.

मग आफ्रिका झाली, बोर्निओ झालं. तिथं ते बिशप झाले. होडीतून जंगलं हिंडले, शाळा काढल्या, चर्चं उभी केली. पण एका गावात घंटा चढते न चढते तोच त्यांची नजर पुढच्या नदीकडे लागायची. लोक म्हणत, केवढा हा उत्साह! निरोप घेताना मात्र दरवेळी त्यांना आपला उजवा तळवा रिकामा वाटायचा. बिशपानं असलं काही मानू नये, हे त्यांनी स्वतःला कितीदा तरी बजावलं होतं.

आता इंग्लंडात म्हाताऱ्या पाद्र्यांच्या आश्रमात खोली ठरली होती. विमान आज रात्रीचंच होतं. त्याआधी ते कुशाबाईला भेटायला डिंगोऱ्याला तिच्या घरी आले होते.

"कुशाबाई," ते एकदाचे बोलले, "ते दही... आज घालशील हातावर?"

कुशाबाईच्या सुरकुत्या हलल्या. "एवढ्या वर्सांनी भूक लागली व्हय? सकाळचं पोरांनी संपवलं. आत्ताच विरजण लावलंय. थंडी लई हाय, उद्या सकाळपतुर लागंल."

मंचरचा जीपवाला कमरुद्दीन अंगणातून ओरडला, "साहेब, मंचरला कांद्याच्या ट्रका अडकल्यात. आत्ता निघालो तरच विमान गावंल! दह्याचं काय, नारायणगावात घेऊ की इकत."

"इकतच्या दह्यानं माणूस दुकानात परत जातं, भाऊ," कुशाबाई म्हणाली. "घरी न्हाई."

बिशप उठले. जीपपर्यंत गेले. दाराच्या कडीला हात लावला. तळव्याला गार लोखंड लागलं आणि ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी मागची पिशवी उतरवून घेतली.

"आणि विमान?" कमरुद्दीननं डोक्याला हात लावला.

"जाऊ दे त्याला. त्याला सवय आहे."

जीप गेली. दिवेलागण झाली. बिशप दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले, मग चुलीजवळच्या मडक्यावरचं झाकण उचलून आत डोकावले, मडकं जरा कलतं करून पाहिलं.

"सायेब, हात काढा आधी!" कुशाबाई कडाडली. "सारखं हालवल्यावर दही लागंल का?"

बिशपांनी झाकण ठेवलं आणि हात शालीत घेऊन पाटावर बसले. मग त्यांनी विचारलं,

"सकाळी दही घातलंस, की मग मला निघावं लागेल का गं?"

कुशाबाईनं परातीत पीठ घेतलं.

"त्ये सकाळी बगू. आधी भाकरी खावा."