धावपट्टीच्या तोंडाशी

"परत एकदा म्हण," वेंडेल सिरमन्स गाडी चालवता चालवता म्हणाला. "वैमानिकाचा भाग. तिथे तू फार घाई करतोस."

एमरी ड्रिगर्सने घसा साफ केला. पिकअपच्या एकाच लांब सीटवर तिघं बसले होते. वेंडेल, मधे मांडीवर पर्स धरून एमरीची बायको ओपल, आणि खिडकीशी एमरी. त्याने टाय बांधला होता. तो टाय एरवी फक्त ईस्टरला आणि मयतीला कपाटातून निघायचा.

"आमची पोरं शाळेत होती तेव्हा एक विमान आमच्या रस्त्यालगत पडलं," एमरी म्हणाला. "वैमानिकाने ते शेवटपर्यंत सोडलं नाही, कारण त्याला खाली मोकळं रान दिसत होतं. तिथे घरं असती तर..."

"इथे थांबायचं. घरं असती तर, असं म्हणून श्वास घ्यायचा. लोकांना विचार करू दे."

"तू नाटक कंपनी का नाही रे काढलीस?" ओपल म्हणाली.

वेंडेल हसला. इथे लग्न झालेल्या बाईच्या नावाआधीही आदराने 'मिस' लावतात. "मिस ओपल, तुमच्या नवऱ्याला बोलता येत नाही त्याला मी काय करू? जन्मभर शेजारी राहून मी त्याचं न बोलणंच ऐकत आलोय."

"आणि फेय का नाही आली?"

"डोकं धरलंय तिचं. सकाळपासून पडून आहे."

"काल तर चर्चमधे छान होती."

"काल होती," वेंडेल म्हणाला आणि गाडीचा वेग वाढवला.

एमरीने सगळी नोकरी काउंटीच्या शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर त्याच्याकडे वडिलांची थोडी जमीन, पिकानची, म्हणजे अक्रोडासारख्या फळाची, जुनी झाडं आणि काही गाई उरल्या होत्या. कुंपणापलीकडे वेंडेलचं भुईमुगाचं शेत होतं. मिल क्रीक रोडवरची सगळी शेतं अशीच एकाला एक लागून होती आणि रस्ता संपत होता तिथून हवाई दलाच्या तळाचं तारेचं कुंपण सुरू होत होतं. विमानं उतरायला यायची ती याच शेतांवरून. आमच्या काउंटीत प्रत्येक घरातला एक तरी माणूस तळावर कामाला जातो, त्यामुळे त्या आवाजाबद्दल तक्रार करायची कोणाला सवय नाही.

हिवाळ्यात एक बिल्डर आला. त्याला मिल क्रीक रोडची जमीन बिनशेती करून घरं बांधायची होती. एमरीच्या गोठ्यामागच्या शेडमधे शेजारी जमले, सगळ्यांनी नाही म्हटलं. सगळ्यांत मोठ्याने वेंडेल म्हणाला. काउंटीच्या मंडळापुढे कोणी बोलायचं असा प्रश्न आला तेव्हा त्यानेच एमरीचं नाव घेतलं. "तुझ्यावर आख्ख्या काउंटीत कोणाचा राग नाही," तो म्हणाला होता. "तू फक्त बोल. आम्ही सगळे मागे उभे राहतो."

आणि विमान पडलं त्या दिवशी धावत गेलेले दोघं म्हणजे एमरी आणि वेंडेलच होते. विमान ओढ्याच्या काठावर जळत होतं आणि वैमानिक वेंडेलच्या शेतात पडला होता. त्याची हवाई छत्री नीट उघडलीच नव्हती. तो अगदी तरुण होता. त्याने विचारलं, "खाली कोणाला लागलं का?" एमरी त्याच्याशेजारी मातीत गुडघे टेकून बसला होता. "नाही रे पोरा," तो म्हणाला, "इथे नुसत्या शेंगा आहेत." तळाची गाडी येईपर्यंत तो पोरगा राहिला नाही. वेंडेलने अंगातला शर्ट काढून त्याच्या तोंडावर घातला आणि उघड्या अंगाने उन्हात बसून राहिला. त्याबद्दल दोघं पुढे कधी बोलले नाहीत. पण त्या दिवसानंतर ते शेजाऱ्यांपेक्षा जवळचे झाले हे सगळ्यांना दिसत होतं.

कोर्टहाउसच्या सभागृहात गर्दी होती. मिल क्रीक रोडची सगळी मंडळी मधल्या दोन रांगांत बसली होती. एमरीने त्यांच्याकडे बघून मान हलवली. त्यांनीही हलवली, पण कोणी जागा करून दिली नाही. तिघं मागे बसले. आधी तळावरचा एक अधिकारी उठला आणि त्याने तळाची शिफारस वाचून दाखवली. या पट्ट्यात वस्ती नको, असं तीत होतं. मग निर्णय काउंटीचा आहे, असं सांगून तो खाली बसला. मग अध्यक्षबाईंनी, मिसेस पॅफर्ड यांनी, एमरीचं नाव पुकारलं.

एमरी बरा बोलला. वैमानिकाच्या भागात त्याने घाई केली नाही. 'घरं असती तर' म्हणून तो थांबला तेव्हा सभागृह खरंच शांत झालं, इतकं की पंख्याची घरघर ऐकू आली. शेवटी तो म्हणाला, "हे मी एकटा म्हणत नाही. मिल क्रीक रोडचे सगळे माझ्याबरोबर आहेत. उठा रे जरा. बाईंना दिसू दे."

कोणी उठलं नाही.

एमरीला वाटलं, आवाज पोचला नसेल. तो माइकच्या आणखी जवळ सरकला. "मिल क्रीक रोडचे," तो म्हणाला, "उभे राहा."

सगळ्यात मागे एक खुर्ची वाजली. ओपल उभी राहिली होती, दोन्ही हातांनी पर्स पोटाशी धरून. तिने शेजारी वेंडेलकडे बघितलं. वेंडेल मांडीवरच्या हॅटकडे बघत होता.

मिसेस पॅफर्ड यांनी चष्मा काढला. त्यांची मुलं शाळेत एमरीने दुरुस्त केलेल्याच बसमधून गेली होती. "मिस्टर एमरी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही बसा आता." मग सभागृहाकडे वळून म्हणाल्या, "अर्जाच्या बाजूने असलेले जमीनमालक इथे असतील तर त्यांनी उभं राहावं."

मधल्या रांगेत एक जण उठला. मग त्याच्या शेजारचा. मग एकेक करत दोन्ही रांगा उभ्या राहिल्या, पण मागे वळून कोणी बघितलं नाही. ओपल खाली बसली होती. तिच्या बाजूला काहीतरी हललं म्हणून तिने वर बघितलं. वेंडेल समोरच्या खुर्चीची पाठ धरून उठत होता. गुडघे दुखणारा माणूस उठतो तसा, जितका वेळ लावता येईल तितका लावत.

एमरी अजून माइकपाशीच होता. तिथून त्याला सगळे समोर दिसत होते.

मंडळाने अर्ज मंजूर केला. बाहेर आल्यावर एमरी सरळ वेंडेलच्या गाडीकडे चालत गेला.

"याच्या गाडीतून जायचं?" ओपलने विचारलं.

"आलो याच्याच गाडीतून."

"मी चालत जाईन त्यापेक्षा."

"ओपल," एमरी म्हणाला, "बस."

तिघं पुन्हा तसेच बसले. सूर्य अजून मावळला नव्हता. गाव मागे पडलं.

"फेयला मुलीजवळ राहायचंय," वेंडेल म्हणाला. "मेकन शहरात. माझ्या पोरांपैकी कोणी शेती करणार नाही, तुला माहितीये. माझे गुडघे गेले. किती वर्षं करू मी?"

एमरी खिडकीबाहेर बघत होता.

"सभा होईपर्यंत जमीन देतोय हे कोणाला सांगायचं नाही असं लिहून घेतलं होतं बिल्डरने. सगळ्यांकडूनच."

"माझ्या स्वयंपाकघरात बसून पीचचा केक खाल्लास तू परवा," ओपल म्हणाली. "दोन तुकडे खाल्लेस. याचं भाषण बसवून घेतलंस. तेव्हा सही झालेली होती की व्हायची होती?"

"झालेली होती, मिस ओपल."

"मग बसवून कशाला घेतलंस? बोलू द्यायचं होतंस की त्याला जसं येतं तसं. निदान तेवढं तरी त्याचं स्वतःचं राहिलं असतं."

वेंडेलने गाडी हळू केली. "मला वाटलं तो जिंकेल," तो म्हणाला. "खरं सांगतो. त्या पोराची गोष्ट ऐकली की मंडळ नाही म्हणेल, असं वाटलं. मग मला काही ठरवावं लागलं नसतं. फेयलाही सांगता आलं असतं, बघ, नाही झालं." त्याने पुन्हा वेग वाढवला. "आज तो चांगला बोलला."

ओपलने तोंड फिरवलं. मधे बसलेली असल्यामुळे ते तिला दोन्हीकडे फिरवता येईना, म्हणून ती समोर बघत राहिली.

मिल क्रीक रोड लागला. वेंडेलच्या शेतात शेंगांची रोपं गुडघ्यापर्यंत आली होती, हिरवीगार. तो पोरगा पडला होता त्या बाजूला बघत एमरी पहिल्यांदाच बोलला.

"तिथे काय होणार?"

कुठे ते वेंडेलने विचारलं नाही. "तळं," तो म्हणाला. "पावसाचं पाणी साठवायला. नकाशात बाक दाखवलेत. चालायला वाट."

"बरं," एमरी म्हणाला.

शेंगा काढून झाल्या आणि सिरमन्स नवराबायको निघाले. त्या सकाळी भाड्याचा ट्रक वेंडेलच्या अंगणात उभा राहिलेला एमरीने बघितला. उन्हाळ्यापासून दोघांत नमस्काराच्या पुढे शब्द गेला नव्हता. चर्चमधे वेंडेल दुसऱ्या दाराने ये-जा करायला लागला होता. एमरी बराच वेळ पोर्चवर उभा राहिला, मग हातमोजे घेऊन पायऱ्या उतरला.

"कुठे निघालास?" ओपलने दारातून विचारलं.

"तो फ्रीजर एकट्याने चढवतोय."

"चढवू दे की. बिल्डरला बोलाव म्हणावं."

"कमरेतून मोडेल तो."

"मोडू दे," ओपल म्हणाली. पण तिने त्याला अडवलं नाही.

वेंडेल फ्रीजरला टेकून धापा टाकत होता. एमरीला बघून तो सरळ झाला. एमरीने एक बाजू धरली.

"तू काहीतरी बोल," वेंडेल म्हणाला. "शिव्या घाल. त्या दिवसापासून वाट बघतोय मी."

"खालून धर," एमरी म्हणाला. "वरून धरलास तर निसटेल."

दोघांनी फ्रीजर चढवला. मग पलंग, मग शिवणयंत्र, मग वेंडेलच्या आईचं आरशाचं कपाट. फेयने आतून दोन ग्लास चहा आणला. तिचे डोळे सुजलेले होते. एमरीने चहा घेतला, आभार मानले आणि ग्लास तिच्या हातात परत दिला. ट्रकचं दार बंद झाल्यावर वेंडेलने हात पुढे केला. एमरीने हातमोजा काढला आणि तो हात हातात घेतला, पण लगेच सोडला. वेंडेलच्या ते लक्षात आलं. तो गाडीत जाऊन बसला.

घरी आल्यावर ओपलने विचारलं, "माफ केलंस का त्याला?"

"नाही," एमरी म्हणाला. "सामान चढवलं."

पुढच्या वर्षी घरं उभी राहायला लागली. सगळी एका रंगाची, प्रत्येकापुढे एकेक बारीक झाड, आधाराला काठी बांधलेलं. एमरीच्या कुंपणापलीकडे नमुन्याचं घर सजवलं गेलं. ते बघायला लोकांना रविवारी दुपारीच बोलावत. फाटकावर फुगे लावत, आत बिस्किटं आणि लिंबू सरबत ठेवत. रविवारी तळावरून विमानं उडत नाहीत. त्या दिवशी मिल क्रीक रोडवर पाखरांचा आवाज ऐकू येतो, पिकानच्या पानांचासुद्धा.

एका रविवारी एक तरुण जोडपं त्या घराच्या बागेच्या टोकापर्यंत चालत आलं. मुलगी पोटुशी होती. बोलण्यावरून ती उत्तरेकडची वाटत होती. एमरी पिकानखाली गवत कापत होता, त्यांना बघून त्याने यंत्र बंद केलं.

"किती शांत आहे हो इथे," ती कुंपणावरून म्हणाली. "नेहमी असंच असतं का?"

एमरी कुंपणाजवळ आला. "ते लोक काय म्हणाले?"

"अधूनमधून एखादं विमान जातं म्हणाले," नवरा म्हणाला.

एमरीने टोपी मागे सरकवून त्या दोघांकडे बघितलं. बोलायला खूप होतं. माइकपाशी उभा राहून बोलला होता ते, आणि बोलला नव्हता तेही.

"सोमवारी या," तो म्हणाला. "सकाळी. गाडी इथे लावा आणि थोडा वेळ थांबा. मी सांगून काय उपयोग? तुमचं तुम्हीच ऐका."

घरं विकणाऱ्या बाईने हे नमुन्याच्या घराच्या पोर्चवरून ऐकलं. संध्याकाळी ती ओपलकडे तक्रार घेऊन आली. एमरीने त्यांचा धंदा बिघडवू नये, असं तिचं म्हणणं होतं. ओपलने तिला चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, ज्या दिवशी त्याने बोलावं असं सगळ्यांना वाटत होतं, त्या दिवशी त्याचं कोणी ऐकलं नाही. आता तो त्याच्या कुंपणापाशी उभा राहून बोलतो."

सोमवारी ती गाडी आली. एमरी कुंपणाशी गेला नाही. तो झाडाखालीच, यंत्राच्या दांडीवर हात ठेवून उभा राहिला. विमानं एकामागून एक आली, इतकी खाली की पोटाखालची चाकं वेगळी दिसावीत. गाडीच्या काचा थरथरल्या. पहिलं विमान गेलं तेव्हा नवऱ्याने कान झाकले. मुलीने कान झाकले नाहीत. तिने दोन्ही तळहात पोटावर पसरले आणि ती तशीच बसून राहिली.

बऱ्याच वेळाने गाडी वळली. ती हमरस्त्याला लागेपर्यंत एमरी बघत होता. मग त्याने यंत्र सुरू केलं आणि उरलेलं गवत कापायला घेतलं.